अंगणात कोण येऊन गेलं?

सुरुवातीलाच सांगून टाकतो, हा लेख जेवता जेवता वाचायचा नाही. आपल्या अंकासाठी "गावाकडचं काहीतरी लिही" असा निरोप आला, तेव्हा संत्री, पोळा, जांब नदीतली गोटमार असं काहीतरी अपेक्षित असणार. पण माझ्या मोबाइलमध्ये गावाकडचे म्हणून जे फोटो आहेत, त्यातले निम्मे जनावरांच्या विष्ठेचे आहेत. प्रत्येक फोटोत शेजारी एक काडेपेटी ठेवलेली. बायको दर महिन्याला म्हणते, "निदान मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोंमध्ये तरी हे मिसळू नकोस."

मी बी.ई. करून गेली बारा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आईबाबा मात्र गावीच. पांढुर्ण्याहून सौंसरकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा लागतात, त्यातच एका फाट्यावरून आत आमचं घर. गावात नाही, वावरात. अर्धं स्लॅबचं, अर्धं अजून कवेलूचं. मागे गुरांचा कोठा, त्यामागे बाग, बागेच्या टोकाला नाला आणि नाल्यापलीकडे टेकड्या सुरू. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, त्याआधी आम्ही छिंदवाड्यात मोडायचो. जिल्हा बदलला, पण जनावरांना कोणी कळवलेलं नाही. पूर्वेला पेंच, वर सातपुडा, आणि मधल्या तुटक जंगलांमधून त्यांचं येणं-जाणं आमच्या धुऱ्यांवरूनच चालतं.

लहानपणी मला यातलं काहीच कळत नव्हतं. कळावं असंही वाटलं नव्हतं. दहावीनंतर नागपूर, मग पुणे. 2020 च्या टाळेबंदीत कंपनीनं घरून काम करायला सांगितलं आणि मी सात महिने गावी राहिलो, तेव्हा हे खूळ लागलं.

त्याची सुरुवात एका फजितीनं झाली. नेटवर्क मिळावं म्हणून मी माळ्यावर टेबल लावलं होतं. तिथं कोपऱ्यात अंगठ्याएवढे काळपट, केसाळ गोळे पडलेले दिसले. मी एक काडीनं फोडला. आत राखाडी केस, बारीक हाडं. मग इंटरनेटवर अर्धा दिवस घालवला आणि जेवताना जाहीर केलं की आपल्या माळ्यावर रानमांजर राहतं. आई घाबरली. बाबा शांतपणे भाकरी मोडत म्हणाले, "अख्खी डोक्याची कवटी निघाली का त्यातून?"

निघाली होती. उंदराची, दातांसकट.

"मग मांजर कसं असन? मांजर चावून खाते. ते घुबड आहे. तू पाळण्यात होता तवाही होतं."

ती विष्ठा नव्हतीच. गव्हाणी घुबड उंदीर जवळजवळ अख्खा गिळतं, मांस पचवतं, आणि केस व हाडं यांचा गोळा करून चोचीतून बाहेर टाकतं. त्या गोळ्यात कवटी शाबूत राहते. मांसाहारी जनावराच्या पोटातून गेलेलं हाड बहुतेक वेळा तुकडे होऊन बाहेर येतं. मी दिवसभर इंग्रजी पानं चाळून जे चुकवलं, ते बाबांनी एका प्रश्नात काढलं. तेव्हापासून मी आधी "हे कोणाचं?" असं विचारत नाही. आधी "यात काय आहे?" हे बघतो.

दुसरी तक्रार आईची होती. ती स्लॅबवर सांडगे वाळत घालायची, आणि सकाळी कठड्यावर कोणीतरी घाण करून गेलेलं असायचं. तिचा संशय वानरांवर. पण वानर रात्री येत नाही. ती घाण लांबट होती आणि तिच्यात बोराच्या बिया जशाच्या तशा होत्या. धुवून पेरल्या तर उगवल्या असत्या. उन्हाळ्यात त्याच जागी शिंदीच्या बिया निघायला लागल्या. हे उदमांजर. माझी आजी त्याला मसन्याऊद म्हणायची आणि नाव घेताना आवाज खाली करायची. ते फळं खातं, झाडांवरून थेट छपरावर उतरतं आणि भिंत, दगड, ओंडका अशा उंच, उघड्या जागी विष्ठा टाकायची त्याला सवय आहे. आईला मी सांगितलं की इंडोनेशियात याच कुळातल्या प्राण्याला कॉफीची फळं खाऊ घालतात, विष्ठेतल्या बिया धुवून भाजतात आणि ती कॉफी जगात फार महाग विकली जाते. आई म्हणाली, "मग त्याले म्हणा बोरं सोड, कॉफी खा. माझे सांडगे वाचतील अन् तुझ्या बाबांचं कर्जही फिटन."

(त्या कॉफीसाठी हे प्राणी पिंजऱ्यात कोंडतात, हे मी तिला सांगितलं नाही. पण आपल्यापैकी कोणी परदेशातून ती भेट म्हणून आणणार असेल तर जरूर विचार करा.)

हळूहळू नजर बसत गेली. सशाच्या लेंड्या गोल, किंचित चपट्या, आणि चुरडल्या तर आत नुसता गवताचा भुसा. पालीच्या, घोरपडीच्या विष्ठेला एका टोकाला पांढरा ठिपका असतो. वटवाघळाची उंदरासारखीच दिसते, पण बोटानं नव्हे, काडीनं दाबली तर किड्यांच्या पंखांचा चकचकीत चुरा होतो. उंदराची तशी होत नाही. अस्वलाची मी एकदाच पाहिली, टेकडीवर, मोहाच्या दिवसांत. मोठा ढीग, आणि त्यात फळांची सालं, बिया आणि मुंग्या.

सगळ्यात उपयोगी पडली ती रोह्याची. पुस्तकात ज्याला नीलगाय म्हणतात तो रोही. तो पुन्हा पुन्हा एकाच जागी येऊन लेंड्या टाकतो, त्यामुळे तिथं ढीगच तयार होतो. बाबा त्याला "रोह्याची कचेरी" म्हणतात, कारण रोज हजेरी लागते. आमच्या बागेच्या कडेला असे दोन ढीग होते. एक जुना, वर गवत उगवलेला. दुसरा ताजा, काळा, ओलसर. बाबांनी पूर्ण कुंपणाचा खर्च टाळला आणि ताज्या ढिगाकडच्या साठ-सत्तर फुटांत बोराट्या रचल्या. त्या वर्षी तुरीचं नुकसान कमी झालं. थांबलं नाही, पण कमी झालं.

इथं एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण आपल्या अंकातल्या लहान वाचकांना हे वाचून उत्साह येईल. हाताने शिवायचं नाही, नाकाजवळ न्यायचं नाही, आणि वाळलेली विष्ठा घरात बसून फोडायची नाही. मांसाहारी जनावरांच्या विष्ठेत कृमींची अंडी असू शकतात, आणि वाळलेल्याची धूळ नाकात जाते. बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून, लांब काडीनं. फोटो काढायचा तर शेजारी काडेपेटी किंवा नाणं हवंच. नुसत्या फोटोत सशाची लेंडीही रोह्याएवढी दिसते.

आता मुख्य गोष्ट.

2023 चा डिसेंबर. मी पंधरा दिवस गावी होतो, दिवसा काम, संध्याकाळी बाग. आंबिया बहाराची तोडणी उरकत आली होती. आठवड्याभरात वस्तीवरची दोन कुत्री दिसेनाशी झाली होती. एके सकाळी आई कोठ्यामागच्या वाटेवरून परत आली आणि मला म्हणाली, "लॅपटॉप ठेव. हे बघाले चल."

वाटेच्या मधोमध पडलं होतं. पांढरं, कडक, मुठीत मावेल एवढं, आणि कडेला दोन-चार केस चिकटलेले. मी तिथंच फोटो काढला आणि चुकलो ते इथं. सव्वानऊची मीटिंग होती, म्हणून नीट न बघता घरी आलो. तेवढ्यात शेजारच्या मुलानं स्वतःच्या मोबाइलवर काढलेला फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत निकाल लागला: बिबट.

मीटिंग संपवून ओट्यावर आलो तर आठ-दहा जण जमलेले. शेजारचे काका म्हणाले, "तू शिकेल आहेस बापा, तूच सांग."

माझ्या डोक्यात एक अभ्यास घोळत होता. महाराष्ट्रात अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतातल्या बिबट्यांच्या विष्ठा गोळा करून ते काय खातात हे तपासलं होतं. त्यांच्या आहारात 87 टक्के पाळीव प्राणी निघाले, आणि सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, वजनाच्या हिशेबात 39 टक्के. शेळ्यामेंढ्यांपेक्षाही जास्त. इथं तर दोन कुत्री गेलेली, आणि विष्ठेत केस. मी म्हणालो, "बिबट असू शकतो. नाकारता येत नाही."

मी "असू शकतो" म्हणालो. ऐकणाऱ्यांनी "बिबटच आहे, इंजिनिअर म्हणते" असं ऐकलं. दुपारपर्यंत शाळेतून मुलांना आणायला माणसं गेली, आणि काकांनी ठरवलं की रात्री धुऱ्यावरच्या तारेत करंट सोडायचा.

हे करंटचं प्रकरण शहरातल्या वाचकांना माहीत नसेल. डुकरांसाठी म्हणून धुऱ्याला हातभर उंचीवर उघडी तार ओढतात आणि रात्री तिला सरळ विजेच्या लाइनला जोडतात. हलका झटका देणारं सौर कुंपण वेगळं, आणि हे वेगळं. यात डुक्कर मरतं, बिबट मरतो, वाघ मरतो, बैल मरतो आणि माणूसही मरतो. मध्य भारतात वाघ मरण्याच्या कारणांत ही तार वारंवार येते. आणि आमच्या घरात त्याच रात्री बाबांना बाहेर पडायचं होतं, कारण शेतीची थ्री फेज लाइन त्या आठवड्यात रात्री अकराला येत होती. मोटर सुरू करायला विहिरीवर जायचं तर वाट त्याच धुऱ्यावरून. बाबांचं वय सदुसष्ट, रातांधळे नाहीत पण बॅटरीच्या उजेडात हातभर उंचीची बारीक तार त्यांना दिसली असती असं मी म्हणणार नाही. मला तरी दिसली नसती.

दुपारी सुट्टी टाकली आणि परत त्या जागी गेलो. या वेळी उकिडवा बसलो आणि बाबांनाही बोलावलं.

सकाळी न दिसलेल्या गोष्टी आता दिसायला लागल्या. एक, ती फक्त वरून पांढरी नव्हती. बिबट्याची विष्ठासुद्धा उन्हात जुनी झाली की पांढुरकी पडते, त्यामुळे रंगावर जाऊन चालत नाही. ही काडीनं फोडली तर आतूनही खडूसारखी. नुसता हाडांचा भुगा. दोन, आकार. मांजरकुळातल्या जनावराची विष्ठा साधारण पिळदार, खाचा पडलेली आणि एका टोकाला निमुळती, आणि केस आत गुंफलेले असतात. हे मात्र गोळ्याला गोळे चिकटल्यासारखं होतं. केस होते, पण भुग्याच्या मानानं थोडे. तीन, पाचेक पावलांवर गवतात अजून दोन जुने ढीग सापडले, तसेच पांढरे. म्हणजे कोणी एकदा चुकून आलेलं नव्हतं. नेमानं येत होतं.

बाबा नाल्याच्या दिशेला गेले आणि त्यांनी हाक मारली. ड्रिपची एक नळी गळत होती, तिथं चिखल झाला होता, आणि चिखलात पावलं. चार बोटं, आणि प्रत्येक बोटापुढे नखाची खूण. बिबट चालताना नखं आत ओढून घेतो, त्याच्या पावलात नख उमटत नाही. कुत्र्याच्या पावलात उमटतं. पण या पावलांत पुढचं पाऊल मागच्यापेक्षा ठळकपणे मोठं होतं.

"तरस," बाबा म्हणाले. मग थोडा वेळ थांबून, "अन् मले माहीत आहे ते काऊन येऊन राहिलं."

आठवड्यापूर्वी वस्तीवरचा एक बैल मेला होता. पूर्वी मेलेलं जनावर ओढून नेणारे, सोलणारे लोक होते. आता ते काम कोणी करत नाही, आणि खड्डा खणायला मजूर मिळत नाही. म्हणून बैल नाल्यात ढकलून दिला होता, आमच्या कोठ्यापासून फार तर दोनशे पावलांवर. आम्ही गेलो तेव्हा बरगड्याच उरल्या होत्या, आणि मोठी हाडं फोडलेली. तरसाचा जबडा हाड फोडतो आणि त्याचं पोट ते हाड पचवतं. विष्ठा पांढरी होते ती त्यामुळेच. एवढं मांस-हाड आम्हीच वाढून ठेवलं होतं, आणि ते खाऊन परत जायची वाट आमच्या अंगणातून.

मी धावत ओट्यावर आलो आणि सगळ्यांना सांगितलं. कोणी मानलं नाही. सकाळी बिबट म्हणणारा दुपारी तरस म्हणतो, त्यावर कोणी का विश्वास ठेवावा? काका म्हणाले, "संध्याकाळी ससा म्हणशीन."

शेवटी नाकेदाराला फोन केला. आमच्या मध्य प्रदेशात फॉरेस्ट गार्डला नाकेदार म्हणतात. चार वाजता तो मोटरसायकलवर आला. वय माझ्याहून कमी. त्यानं विष्ठेकडे पाहिलं, फोडली, पावलांवर बोटांनी माप घेतलं आणि हिंदीत एवढंच म्हणाला, "लकड़बग्घा है. तेंदुआ नहीं है."

त्याला विचारलं, तुला इतकी खात्री कशी? त्यानं सांगितलं की व्याघ्रगणनेच्या वेळी त्याला स्वतःच्या बीटमध्ये दिवसेंदिवस पायी फिरून हेच नोंदवावं लागतं: पावलं, ओरखडे, विष्ठा. 2006 पासून दर चार वर्षांनी देशभर जी गणना होते, तिची सुरुवात अशा नोंदींपासून होते. कॅमेऱ्यात वाघ येण्याआधी नाकेदाराच्या वहीत त्याची विष्ठा येते. आणि जिथं कॅमेरे लावता येत नाहीत, तिथं विष्ठेचा नमुना प्रयोगशाळेत जातो. विष्ठेवर त्या प्राण्याच्या आतड्यातल्या पेशी चिकटलेल्या असतात, त्यातून डीएनए मिळतो. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि हैदराबादची सीसीएमबी इथं हे काम चालतं. वाघ की बिबट, नर की मादी, इतकंच काय, कोणता वाघ हेही त्यातून ओळखता येतं. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तर बोटीच्या टोकावर वास ओळखणारं कुत्रं उभं करून समुद्रावर तरंगणारी व्हेलची विष्ठा शोधली, हे मी त्याला सांगितलं. तो हसला. म्हणाला, "हमें तो पैदल ही ढूँढना है, साहब."

मग त्यानं जे सांगितलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. नुसत्या डोळ्यांनी तो तरस ओळखेल, कोल्हा ओळखेल, पण मोठा बिबट आणि वाघीण यांच्यात निव्वळ विष्ठेवरून तो कधीच पैजेवर सांगणार नाही. "फोटो पे तो बिल्कुल नहीं."

काकांकडे तो स्वतः गेला. 1972 च्या वन्यजीव कायद्याची गोष्ट त्यानं काढली, पण त्याचा फारसा परिणाम झाला नाही. काकांनी उलट विचारलं की डुकरांनी त्यांचा दोन एकर मका एका रात्रीत लोळवला, त्याचा पंचनामा कधी झाला आणि पैसे कुठं आहेत? नाकेदाराकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, आणि आजही नाही. पुण्यात बसून जनावरांवर प्रेम करायला मला काही मोजावं लागत नाही. काकांना मोजावं लागतं, हे त्या ओट्यावर सगळ्यांना दिसत होतं.

नाकेदार गेल्यावर बाबा चहा घेऊन काकांच्या शेजारी जाऊन बसले. बिबट-तरस काहीच बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "आज रातच्याले अकरा वाजता मी धुऱ्यावरून जाईन. लाइन आल्यावर. रोज जाईन."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले आणि पोरीला आत हाक मारली, "आणखी चहा ठेव."

त्या रात्री मी बाबांबरोबर गेलो. जाण्याआधी तारेचं टोक कुठं जातं ते बॅटरीनं पाहून आलो. खांबापासून सोडवून गुंडाळून ठेवलं होतं. मोटर सुरू केली, परत आलो. नाल्याकडून कसलाही आवाज नव्हता. खरं सांगायचं तर मला तरसाची भीती वाटलीच नाही. ते सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. पाय टाकताना प्रत्येक वेळी मी तारच शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी तीन घरांनी वर्गणी काढून जेसीबी बोलावला आणि बैलाचं उरलेलं सगळं खोल पुरलं. आठेक दिवसांनी कोठ्यामागे नवीन पांढरे गोळे पडायचे थांबले. हरवलेल्या दोन कुत्र्यांपैकी एक महामार्गावरच्या ढाब्यावर सापडलं, चांगलं लठ्ठ झालेलं. दुसरं आलंच नाही. त्याचं काय झालं ते त्या विष्ठेत लिहिलेलं नव्हतं, आणि मी तर्क करायचं सोडून दिलं आहे. काकांनी त्यानंतर कधी करंट लावला की नाही, हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. बाबा मात्र आता काकांना फोन करूनच विहिरीवर जातात.

हे सगळं झाल्यापासून बाबांना नवा नाद लागला आहे. ज्या माणसाला मी सहा महिने व्हिडिओ कॉल शिकवत होतो, तो आता पहाटे साडेपाचला वावरातून फोटो पाठवतो. शेजारी काडेपेटी ठेवून, न चुकता. खाली "ओळख" एवढाच एक शब्द. दहातल्या सात वेळा त्यांना उत्तर माहीत असतं आणि ते माझी परीक्षा घेत असतात. कोल्ह्याची मी एकदा कुत्र्याची सांगितली, तर दिवसभर फोन नाही. संध्याकाळी आईकडून निरोप: "बोराच्या बिया दिसल्या नाहीत का म्हणून विचारते."

गेल्या महिन्यात आलेल्या फोटोखाली "ओळख" नव्हतं. नाल्याच्या वाळूत, काडेपेटीच्या दुप्पट-तिप्पट लांब, पिळदार, टोकाला निमुळती, आणि डुकराचे राठ काळे केस गच्च भरलेले. ताजी, कारण वर अजून चकाकी होती. शेजारी पाऊल नाही, वाळू कोरडी.

खाली लिहिलं होतं, "नाकेदारले फोन केला. तो दुपारी येते. तुले काय वाटते?"

मी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. स्टँडअपची वेळ झाली होती, टीम थांबली होती. उत्तर लिहिलं: "फोटोवरून मला सांगता येणार नाही. दुपारपर्यंत नाल्याकडे कोणी जाऊ नका. गुरं कोठ्यातच ठेवा. आणि काकांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा, ग्रुपवर टाकू नका."

दोन मिनिटांनी उत्तर आलं. "काका इथंच उभे आहेत. काडेपेटी त्यांचीच आहे."